वैशाखातला पाऊस आणि परतीची पाखरे

मंडळी, ज्वारी हुरड्यात आली की शेतावर भोरड्यांचे थवे पडतात, हे तुम्ही दर वर्षी पाहता. पोरे माळ्यावर चढतात. गोफण फिरते. आरोळ्या उठतात. पुढे चैत्र येतो आणि एक दिवस भोरड्या दिसेनाशा होतात. त्या कुठे जातात? मरतात का? लपतात का?

नाही. त्या आपल्या गावी जातात. भोरडीचे गाव फार लांब आहे. हिंदुस्थानच्या वायव्येला, डोंगररांगांच्या पलीकडे, मध्य आशियाची गवताळ माळराने आहेत. तिथे ती अंडी घालते, पिल्ले वाढवते. तिथे ती टोळ आणि नाकतोडे खाते. थंडी सुरू होण्याच्या आधीच ती आपल्याकडे येते आणि उन्हाळ्यात परत जाते. अशी जा-ये करणारी पाखरे पुष्कळ आहेत. परीट, म्हणजे सतत शेपूट हलवणारा धोबी, हा त्यातलाच. तळ्यावरची कितीतरी बदके त्यातलीच. या जा-येला पक्ष्यांचे स्थलांतर म्हणतात.

थंडीत आलेली पाखरे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत परत निघतात. हा परतीचा प्रवास पाहायला आम्ही काही मित्र दर वर्षी जातो. आमचे राहणे मुंबईत, हिंदमाता भागात. एका वर्षी या प्रवासाच्या वेळी हवा अगदीच बिघडली. तेव्हा जे पाहिले आणि जे शिकलो, ते इथे सांगतो.

हिंदमाता ते शिवडी

परळ आणि दादर यांच्या मधल्या या भागाला हिंदमाता हे नाव पडले ते एका चित्रपटगृहावरून. इथे कपड्यांची दुकाने ओळीने आहेत. लग्नाचा बस्ता बांधायला लोक येतात. जवळच मोठमोठी रुग्णालये आहेत. त्यामुळे गावाकडचा माणूस आयुष्यात एकदा तरी या बाजूला येतोच.

हिंदमातापासून पूर्वेला दोन-तीन किलोमीटरवर शिवडी आहे. तिथे मुंबई बेटाचा काठ संपतो आणि खाडी लागते. ओहोटीला पाणी मागे हटले की मैलभर चिखल उघडा पडतो. काठाने तिवरांची झाडे आहेत. शहरातल्या माणसाला तो चिखल म्हणजे घाण वाटते. पक्ष्यांना ते वाढून ठेवलेले ताट आहे. त्यात किडे, गांडुळासारखे जीव, शिंपल्या आणि शेवाळ यांची रेलचेल असते.

या ताटावरचा सर्वांत नामांकित पाहुणा म्हणजे रोहित. त्याला अग्निपंखही म्हणतात. पाय काठीसारखे लांब, मान लांब, चोच मधेच वाकलेली, अंगावर गुलाबी झाक. मोठा रोहित चार-पाच फूट उंच भरतो. लहान रोहित तीन फुटांच्या आसपास असतो. खाताना हा पक्षी डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो. जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला बारीक दाते असतात. आपण पीठ चाळतो तसे ते पाणी चाळले जाते. खाणे आत राहते, पाणी बाहेर जाते. शेवाळात आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांत जो रंग असतो तोच पिसांत उतरतो. म्हणून रोहित गुलाबी. त्याची पिल्ले मात्र करडी असतात. अंगावर रंग चढायला दोन-तीन वर्षे लागतात.

१९९० नंतरच्या काळात रोहित शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत फार मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१९ साली मोजणी झाली तेव्हा या सबंध भागात ते लाखाहून अधिक भरले. २०१५ साली ठाणे खाडीत रोहितांसाठी अभयारण्य जाहीर झाले. २०२२ साली त्या जागेची जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणना झाली. शिवडीहून समुद्रावर निघणारा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत वाहतुकीला खुला झाला. तो याच चिखलावरून जातो. आता शिवडीच्या धक्क्यावर उभे राहिले की रोहित पूर्वीसारखे जवळ दिसतीलच असे नाही. ते खाडीत आत आत सरकतात. ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे. तिथून होडीतून ते दाखवतात.

मामांची शंका

ते वर्ष होते २०२५. आमचे मामा माण तालुक्यातून परळच्या रुग्णालयात तपासणीसाठी आले होते. पुढची तारीख सोमवारची मिळाली होती. दोन-चार दिवस आमच्या खोलीवर काढायचे होते.

मे महिना चालू होता. वैशाख म्हणजे वणवा. पण त्या वर्षी वैशाखातच पाऊस लागला. रोज आभाळ भरून येई. मामांचा जीव गावाकडे. काढलेला कांदा शेतात आरण लावून ठेवला होता. मामा दिवसातून चार वेळा फोन लावत आणि एकच विचारत, "आरण झाकली का नीट?"

रविवारी, २५ मे रोजी, आमची शिवडीची फेरी ठरली होती. आम्ही म्हटले, "मामा, तुम्ही पण चला. घरात बसून घोर लावून घेण्यापेक्षा पाखरे बघू."

मामा म्हणाले, "अरे पोरांनो, पावसात पाखरं कशी दिसायची? ती बी कुठंतरी वळचणीला बसली असतील की."

शंका बरोबर होती. पण उत्तर थोडे वेगळे आहे.

वाईट हवा आणि प्रवासी पक्षी

लांबचा प्रवास करणारा पक्षी निघण्याआधी भरपूर खातो. अंगावर चरबी धरतो. ही चरबी म्हणजे त्याची शिदोरी. तुतवारासारख्या इवल्या पक्ष्याचे वजन मूठभर शेंगदाण्यांइतके असते. तेवढ्या जिवावर तो हजारो किलोमीटर जातो. म्हणून शिदोरी किती आणि वारा कसा, यावर सगळा हिशेब असतो. वारा पाठीमागून आला तर शिदोरी पुरते. वारा समोरून आला तर तेवढ्याच वाटेला जास्त खर्च होतो.

रात्री उडणारे पक्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखतात. दिवसा सूर्याची मदत होते. पृथ्वीच्या लोहचुंबकासारख्या ओढीचीही त्यांना जाण असते. पण आभाळ गच्च भरले, वारा उलटा फिरला, पाऊस झोडपू लागला, तर शहाणा पक्षी पुढे जात नाही. तो खाली उतरतो. जिथे खायला मिळेल आणि आडोसा मिळेल तिथे थांबतो. घाटात गाडी बंद पडली की आपण वाटेतल्या गावी मुक्काम करतो, तसेच हे.

म्हणून पक्षी पाहणाऱ्यांचा एक अनुभव असा आहे की, हवा बिघडली की कधी कधी पक्षी जास्त दिसतात. एरवी जे डोक्यावरून रात्रीत निघून गेले असते, ते सकाळी समोर बसलेले सापडतात. पाहणाऱ्याला ही पर्वणी वाटते. पक्ष्याला मात्र ती अडचणीची वेळ असते. ही गोष्ट आम्हाला माहीत होती. पण तिचा अर्थ आम्हाला त्या दिवशी मामांनी शिकवला.

तिथीची पाऊणपट

शिवडीला वाटेल तेव्हा जाऊन चालत नाही. पूर्ण भरती असली तर चिखल पाण्याखाली असतो. पूर्ण ओहोटी असली तर पक्षी पाण्याच्या मागे मागे फार लांब गेलेले असतात. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर गेले की पक्षी काठाजवळ सापडतात.

भरतीची वेळ कशी कळावी? छापील तक्ते मिळतात. पण मासळी विकणाऱ्या एका कोळीण मावशीने आम्हाला जुना हिशेब शिकवला आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. पाऊण-एक तास मागेपुढे होतो. पण मुंबईच्या किनाऱ्याला तो उपयोगी पडतो.

त्या रविवारी वैशाख वद्य त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. तक्त्यात भरती साडेदहाच्या सुमाराची होती. आम्ही ठरवले, एकच्या बेताने पोचायचे. मामांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हंजे हा समुद्रबी पंचांगावर चालतो म्हणा."

चिखलाच्या काठी

आम्ही छत्र्या, दुर्बीण आणि वही घेतली. दुर्बीण ओली होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. शिवडी स्थानकाच्या पूर्वेकडून निघालो. वाटेत गोदामे आणि मालाचे ट्रक. धक्क्यावर पोचतो न पोचतो तोच सर आली. एका टपरीच्या आडोशाला अर्धा तास उभे राहिलो. समोर काही दिसेना. खाडी, पूल आणि आभाळ सगळे एकाच राखाडी रंगाचे झाले होते.

सर ओसरली आणि चिखल दिसू लागला. आधी नुसते ठिपके वाटले. दुर्बीण लावली तर ते ठिपके चालत होते. बगळे होते. पाच-सहा तुतवार होते. लांब चोचीचे दोन पाणटिवळे होते. आणि त्यांच्या पलीकडे शंभरभर रोहित एका ओळीत उभे होते.

मामांनी दुर्बीण घेतली. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "समदी एकाच बाजूला तोंड करून उभी हायेत."

खरेच तसे होते. लहान-मोठे सगळे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे होते. आम्ही इतकी वर्षे येतो, पण हे कधी बोलून दाखवले नव्हते. मामा म्हणाले, "आमची मेंढरं उलटी. पाऊस आला की पाठ करत्यात."

याचे कारण सोपे आहे. पक्ष्याची पिसे डोक्याकडून शेपटीकडे एकावर एक बसवलेली असतात. छपरावर कौले बसवतो तशी. वारा समोरून आला की पिसे अंगाला चपटी बसतात आणि पाणी वरच्या वर ओघळते. वारा मागून आला तर पिसे उलटतात, आत पाणी शिरते आणि अंग गारठते. शिवाय पुष्कळ पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. ते तेल चोचीने पिसांना लावतात. मेंढीच्या अंगावर लोकर आहे, तिला तोंड आणि डोळे वाचवायचे असतात. म्हणून ती पाठ करते. ज्याची त्याची सोय वेगळी.

मग मामांनी विचारले, "ती बारकी पाखरं परतायची राहिली का? आजारी असतील?"

मे अखेरीस बहुतेक तुतवार निघून गेलेले असतात. त्यांना दूर उत्तरेत, सायबेरियाकडे पोचायचे असते. तिथला उन्हाळा अगदी थोडा. पोचायला उशीर झाला तर पिल्ले मोठी होण्याआधी थंडी येते. तरीही काही पक्षी मागे राहतात. ते पुष्कळदा आदल्याच वर्षी जन्मलेले असतात. त्यांना त्या वर्षी घरटे करायचे नसते. मग एवढा प्रवास कशाला, म्हणून ते इथेच उन्हाळा-पावसाळा काढतात. तेव्हा मागे राहिलेला प्रत्येक पक्षी आजारीच असतो असे नाही.

रोहितांचे तसे नाही. त्यांची वाट जवळची आहे. पुष्कळसे रोहित पाऊस सुरू झाला की गुजरातकडे जातात. कच्छच्या रणात पावसाचे पाणी साचले की तिथे ते चिखलाचे छोटे बुरूज रचतात आणि प्रत्येक बुरुजावर एकच अंडे घालतात. २०२२ साली ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या अंगावर छोटी यंत्रे बसवली गेली. पक्षी कुठे आहे हे ती कळवतात. त्यांच्यावरूनही मुंबई आणि गुजरात यांमधली वाट स्पष्ट झाली.

भरल्या ताटावरून

एवढ्यात आमच्यातल्या एका मित्राच्या मनात आले की, हे रोहित उडाले तर पंखांचा लाल रंग दिसेल आणि फोटो छान निघेल. त्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. दोन-चार रोहित माना वर करून चालू लागले. मग सगळी ओळ हलली. पंख उघडले. खालचा लाल आणि काळा रंग क्षणभर चमकला. थवा उडाला, वाऱ्याशी झगडत एक फेरा मारला आणि लांब जाऊन बसला. तुतवारही उडाले. ते पुन्हा दिसले नाहीत.

फोटो चांगला आला. पण मामांचे तोंड उतरले. ते म्हणाले, "आरं, भरल्या ताटावरनं कुणाला उठवतात का? त्यात बाहेर पाऊस, वारा. पाव्हणा वाटंला लागायचाय."

आम्ही गप्प झालो. चूक आमचीच होती. वर लिहिलेला शिदोरीचा हिशेब आम्हाला तोंडपाठ होता. एक वेळ उडणे म्हणजे शिदोरीतला घास कमी होणे. खराब हवेत तर आधीच खाण्याचे तास कमी. पाऊस चालू असताना धड खाता येत नाही आणि भरती आली की चिखल झाकला जातो. मधे जो वेळ सापडतो त्यातच पोट भरायचे. तो वेळ आम्ही एका फोटोसाठी मोडला होता.

त्या दिवसापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहिलेली आहे: पक्ष्याने मान वर केली की आपण थांबायचे. मान वर करणे म्हणजे त्याने आपल्याला पाहिले. तो चालू लागला तर आपण दोन पावले मागे यायचे. तो उडाला तर आपण चुकलो.

सोमवारचा पाऊस

दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, मुंबईत पावसाळा सुरू झाल्याचे वेधशाळेने जाहीर केले. मुंबईला पावसाळ्याची नेहमीची तारीख ११ जून. त्याआधी तो सर्वांत लवकर आला होता तो २९ मे रोजी, १९५६ साली. तोही विक्रम मोडला. कुलाब्याला त्या मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. याआधीचा मे महिन्याचा मोठा आकडा १९१८ सालचा होता, २७९.४ मिलिमीटर.

सकाळी हिंदमाताला पाणी भरले. मामांना रुग्णालयात जायचे होते. अंतर चालत दहा-पंधरा मिनिटांचे, पण रस्त्यावर गुडघाभर पाणी. मामा म्हणाले, "आमच्या माणात प्यायला पाणी न्हाई आणि हितं चालायला वाट न्हाई. हे असं का?"

हिंदमाता भाग बशीसारखा आहे. चारी बाजू थोड्या उंच आणि मधे खोलगट. आजूबाजूचे पाणी इथे उतरते. ते नळ्यांतून आणि नाल्यांतून पूर्वेच्या खाडीत जायचे असते. पण समुद्राला मोठी भरती असली तर समुद्रच नळ्यांच्या तोंडापेक्षा उंच होतो. मग पाणी बाहेर जाण्याऐवजी तुंबते. ते पंपाने उपसावे लागते. २०२१ पासून परळ-दादरच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. तुंबलेले पाणी तेवढा वेळ त्यांत साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे, अशी ती योजना आहे. त्यामुळे पूर्वीपेक्षा फरक पडला आहे. पण पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी गाठ पडली की अजूनही अडचण होते.

मामांनी लगेच विचारले, "आज तिथी काय?" वद्य चतुर्दशी. अमावास्या लागायला आली होती. अमावास्येची भरती मोठी असते. तक्त्यात वेळ होती साडेअकराच्या सुमाराची. मामा म्हणाले, "म्हंजे दुपार कलल्याबिगर पाणी हलत न्हाई."

आम्ही रुग्णालयात फोन केला. दुपारनंतर आलात तरी चालेल, असे उत्तर मिळाले. दुपारी ओहोटी लागली, पाऊसही उणावला आणि पाणी उतरले. मामांची तपासणी झाली. शिवडीचे पक्षी ज्या घड्याळावर जेवतात, त्याच घड्याळावर हिंदमाताचे पाणी उतरते. हे घड्याळ ओळखता आले की निम्मी धावपळ वाचते.

रात्री गावाहून फोन आला. मामींनी आरण ताडपत्रीने झाकली होती. तरी खालून पाणी लागून बराच कांदा गेला होता. निम्म्याहून जास्त वाचला होता. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाखराला आणि कुणब्याला घोर एकच. आभाळाचा." मग त्यांनी आमच्या वहीत आदल्या दिवशीच्या पक्ष्यांची नावे वाचली. अक्षर अक्षर जुळवत वाचली, कारण मामाही साठीला आल्यावरच वाचायला शिकले आहेत.

वादळाने आणलेले पाहुणे

कधी कधी हवा याहून वाईट असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते नावाचे वादळ मुंबईच्या जवळून गुजरातकडे गेले. त्या दिवशी कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता.

अशा वादळात खोल समुद्रावर राहणारे पक्षी वाऱ्याने ढकलले जातात. हे पक्षी एरवी जमिनीवर फक्त अंडी घालायला येतात. वादळानंतर ते किनाऱ्यावर आणि कधी आत गावातही पडलेले सापडतात. थकलेले, उपाशी, भिजलेले. कोणी त्यांना विचित्र म्हणतात, कोणी अपशकुनी म्हणतात. त्यात शकुन-अपशकुन काही नाही. तो वाट चुकलेला वाटसरू आहे.

असा पक्षी सापडला तर काय करावे?

१. त्याच्याभोवती गर्दी करू नये. कुत्री-मांजरे लांब ठेवावीत.

२. अंगावर सुती कापड टाकून हलक्या हाताने उचलावे. चोचीपासून डोळे जपावे.

३. भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. खाली कोरडे कापड घालावे. खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे.

४. तोंडात पाणी ओतू नये. भात, भाकरी, दूध भरवू नये. पाणी श्वासनळीत गेले तर पक्षी मरतो.

५. वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो. नाहीतर जवळच्या वनरक्षकाला सांगावे.

६. पक्षी घरात पाळू नये. वन्य पक्षी पकडणे आणि मारणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक. वीज कडाडत असेल तर पक्षी पाहायला जाऊच नये. झाडाखाली उभे राहू नये. खाडीच्या चिखलात उतरू नये, कारण पाय रुततो आणि भरती कोणासाठी थांबत नाही. पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

पायातले कडे वाचा

पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हे माणसाला कसे कळले? त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहास संस्था निघाली. पक्ष्यांचे मोठे जाणकार डॉ. सालीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईतच झाला. लहानपणी त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे विचारायला ते या संस्थेत गेले. तिथे त्यांना पेंढा भरलेले शेकडो पक्षी पाहायला मिळाले. तिथून त्यांचे सबंध आयुष्यच बदलले. १९८७ साली वारेपर्यंत ते पक्ष्यांचाच अभ्यास करत राहिले.

या संस्थेने पक्ष्यांच्या पायात हलकी कडी घालण्याचे काम केले. १९५९ नंतर ते फार मोठ्या प्रमाणावर झाले. प्रत्येक कड्यावर संस्थेचे नाव आणि एक आकडा असतो. पक्षी पकडायचा, कडे घालायचे, वजन करायचे आणि सोडून द्यायचा. पुढे तो पक्षी कुठे सापडला तर कड्यावरून त्याची वाट कळते. राजस्थानात भरतपूरला कडी घातलेली बदके अशीच हजारो किलोमीटरवर सायबेरियात सापडली.

या कामाचा निम्मा भार शिकलेल्या पंडितांवर आहे आणि निम्मा तुमच्या-आमच्यावर. कडे घातलेला पक्षी शेवटी कोणाच्या तरी शेतात, तळ्यावर किंवा जाळ्यात सापडतो. तो माणूस कड्यावरचे अक्षर वाचणारा असला तर वाट कळते. नाहीतर कडे फेकले जाते आणि गोष्ट अर्धीच राहते.

तुम्हाला आता अक्षरे आणि आकडे येतात. कड्यावरची अक्षरे इंग्रजी असतात, त्यांची भीती बाळगू नका. जसे दिसते तसे कागदावर उतरवून घ्या. जिवंत पक्ष्याच्या पायातले कडे काढू नका. तारीख आणि गावाचे नाव लिहा. शाळेतल्या गुरुजींना किंवा वनरक्षकाला तो कागद द्या.

आणि रोजच्यासाठी एक साधे काम करा. एक वही करा. भोरड्यांचा पहिला थवा कधी आला, शेवटचा कधी दिसला, परीट कधी आला, पावशा पहिल्यांदा कधी "पेर्ते व्हा" म्हणाला, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, वारा कुठला होता, हे तारखेसह लिहा. रोज एक ओळ पुरे. चार-पाच वर्षांनी ती वही उघडून पाहा. आभाळ कसे बदलते आहे ते तुमच्याच अक्षरांत दिसेल.

मामांनी गावी गेल्यावर अशी वही सुरू केली आहे. तिच्यातली पहिली ओळ अशी आहे: "आज शिवारात पाणी साचले. कडेला चार बगळे. उडवले नाहीत."